न फोडलेली पाकिटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय आल्बर्ट ओल्डेनहोफ साहेब, एवढ्या पावसात विद्यापीठातून सायकलवर आलेल्या आणि अजून पुरत्या न वाळलेल्या डॉ. मार्ल्यून फिसर, कामगार संघटनेचे आपले सर्वांचे स्नेही सीबे डाइकस्ट्रा, आजचे सत्कारमूर्ती बेरेंड टिमर आणि सौ. ट्रूस टिमर, समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, आणि मागे खिडकीशी गरम, तळलेल्या क्रोकेटांच्या ताटाजवळ उभं राहून 'आम्ही भाषण ऐकतोय' असं दाखवणाऱ्या पिवळ्या जाकिटातल्या मंडळींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी टिनेके रूलोफ्स. गेली बावीस वर्षं ह्या कंपनीच्या कर्मचारी विभागात आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना मी दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. एक, मी पाठवलेली पत्रं. आणि दुसरी, कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्कीट देऊन मी डब्याचं झाकण लावते ती. दुसऱ्या आरोपाबद्दल मला काहीही बोलायचं नाही. ती आपल्या देशाची रीत आहे. पहिल्याबद्दल मात्र आज थोडं बोलायचं आहे.

बेरेंडविषयी चार शब्द बोलावेत असं मला सांगण्यात आलं. चार शब्दांत हा माणूस मावायचा नाही. आणि जे खरं सांगण्यासारखं आहे, ते त्याच्या परवानगीशिवाय सांगता येणार नव्हतं. म्हणून परवा मी त्याला विचारलं, "बेरेंड, ते सगळं सांगू का रे सगळ्यांसमोर?" तो म्हणाला, "सांग की. त्यात लाजायचं कोणी, ते तुझं तू ठरव. फक्त माझी कविता नीट म्हण. मधेच ओळ खाऊ नकोस." तेव्हा परवानगी आहे. कविता पुढे येईल.

बेरेंड पंधराव्या वर्षापासून रस्त्यांवर विटा बसवतोय. एकोणपन्नास वर्षं झाली. त्यातली अडतीस आपल्याकडे. तुम्ही काम्पेनमध्ये सायकल चालवत असाल, तर निम्म्या गावात ती तुम्ही त्याच्या गुडघ्यांवरून चालवता, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. हा माणूस चौकाच्या कोपऱ्यात उभा राहतो, एक डोळा मिटतो आणि सांगतो, "चौदा हजार विटा, आणि वर तीनशे मोडतील त्या." तेवढ्याच लागतात. चर्चजवळच्या गल्लीचं काम निघालं तेव्हा अभियंत्यांनी सुंदर रंगीत नकाशा आणला होता. बेरेंडने त्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पाणी बेकरीत जाईल." अभियंता म्हणाला, "उतार मी संगणकावर काढलाय." बेरेंड म्हणाला, "मग बेकरीवाल्याला संगणकावर कळवा, उंच बूट घे म्हणावं." पहिल्याच मोठ्या पावसात बेकरीवाला गुडघाभर बूट घालून पाव विकत होता. ती गल्ली आपण पुन्हा उकरली, आणि दुसऱ्या वेळी उतार बेरेंडने काढला.

अशा माणसाला हुशार म्हणायचं की नाही? म्हणायचंच. पण त्याच्या हुशारीला मी बावीस वर्षं एका चुकीच्या खणात ठेवलं होतं. ते कसं, ते आता ऐका.

गेल्या ऑक्टोबरात ह्याच हॉलमध्ये डॉ. फिसर आल्या होत्या. आठवतं ना? पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची जास्त शिकलेल्यांची, खालची फार न शिकलेल्यांची. वरच्या रेघेतला माणूस सत्तरी ओलांडली तरी बऱ्यापैकी ठणठणीत राहतो, आणि खालच्या रेघेतल्याची तब्येत त्याच्या चौदा-पंधरा वर्षं आधीच कुरकुरायला लागते, असं बाईंनी सांगितलं. आणि निवृत्तीचं वय मात्र दोघांना एकच. सदुसष्टच्याही पुढे सरकलेलं. कारण काय, तर माणसं सरासरीने जास्त जगतात.

तेव्हा बेरेंडने हात वर केला. "बाई, हा सरासरी माणूस करतो काय?"

डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे?"

"नाही, मी एकोणपन्नास वर्षं रस्त्यावर आहे. सगळ्या तऱ्हेचे लोक बघितले. हा कधी विटा बसवताना दिसला नाही."

हॉल हसला. डॉक्टरही हसल्या आणि मग त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मलाही तो अजून भेटलेला नाही. पण कायदा त्याच्यासाठीच केलाय." मी दुसऱ्या रांगेत बसले होते. इकडेतिकडे नजर टाकली, तर वरच्या रेघेतले आम्ही चौघे खुर्च्यांत पाठ टेकून, आणि खालच्या रेघेतली सगळी मंडळी भिंतीला पाठ लावून उभी. बसायचं तर पुन्हा उठावं लागतं ना! ते तेव्हा माझ्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही.

आता ही गोष्ट साहेबांच्या मोठेपणाची आहे, म्हणून सांगते. त्या सभेच्या आधीच, सीबेंच्या संघटनेने बरीच वर्षं भांडून, जड काम करणाऱ्यांना तीन वर्षं आधी सुटण्याची सोय मिळवली होती आणि आपल्या कंपनीने ती मान्य केली होती. भांडण सीबेंनी केलं, सही साहेबांनी केली आणि पत्र लिहिलं मी. ह्या सोयीच्या दुसऱ्या वर्षी, अकरा जणांना. प्रत्येकाच्या हातात पांढरं पाकीट दिलं. अर्ज पंधरा डिसेंबरच्या आत यायला हवा, असं त्यात होतं. नोव्हेंबर संपला. अर्ज आले पाच. मी स्मरणपत्र पाठवलं. पुन्हा पांढऱ्या पाकिटात. काही नाही.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. घरी नवऱ्याला म्हणालेसुद्धा, "ह्या लोकांसाठी इतकं करा, आणि ह्यांना साधं एक पान भरून द्यायचा कंटाळा." नवरा माझा अस्सल काम्पेनचा आहे, त्यामुळे तो फक्त "हं" म्हणाला.

मग आला पाच डिसेंबर. संत निकोलासचा सण, संत घोड्यावरून भेटी घेऊन येतात तो. दरवर्षी दुपारी आपण इथे जमतो, चिठ्ठ्या उचललेल्या असतात, ज्याचं नाव आलं त्याच्यासाठी लहानशी भेट घ्यायची आणि त्याची टिंगल करणारी कविता लिहायची. लिहिणाऱ्याने नाव सांगायचं नाही. भेट उघडण्याआधी ज्याची त्याने कविता मोठ्याने वाचायची. ह्या वर्षी बेरेंडचं नाव मला आलं होतं. मी मनाशी म्हटलं, हीच संधी! सोळा ओळींची कविता केली. यमकं मारूनमुटकून जुळवली. त्यात स्पष्ट होतं की बेरेंडा, तुझा अर्ज माझ्या टेबलावर वाट बघतोय, पंधरा तारीख जवळ आली, आता तरी सही कर.

बेरेंडची पाळी आली. आधी म्हणाला, "चष्मा गाडीत राहिला." सगळ्यांनी ओरडा केला. कोणीतरी आपला चष्मा काढून त्याच्या नाकावर ठेवला. मग तो उठला. कागद उलगडला. लांब धरला, जवळ धरला, खाकरला. आणि वाचायला लागला. आता ही कविता, जशीच्या तशी:

संत म्हणाले घोड्याला, "जरा जपून टाक रे पाय,
ह्या गावातल्या रस्त्यांचा बाबा भरवसा तो काय?"
घोडा म्हणाला, "महाराज, राहा निर्धास्त बसून,
बेरेंडने घातलाय चौक हा गुडघे घासघासून.
वीट विटेला भिडलेली, फटीत वाळू दाट,
ऑफिसातल्या लोकांचीही नाही इतकी सरळ पाठ!"
"मग बक्षीस काय द्यावं ह्याला?" "महाराज, एवढंच करा,
टिनेकेच्या कॉफीबरोबर दोन बिस्किटं धरा!"

हॉल डोक्यावर घेतला तुम्ही लोकांनी. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. बिस्किटांचा डबा कोणीतरी माझ्या हातातून ओढून घेतला आणि मोकळा केला. टाळ्या थांबेनात. "कोणी लिहिली? कोणी लिहिली?" असा गलका झाला.

आणि मी हातात अर्धं क्रोकेट घेऊन बसले होते. कारण त्यातली एकही ओळ माझी नव्हती.

माझ्या कवितेत घोडा नव्हता. चौक नव्हता. बिस्किटं तर नव्हतीच, मी ती कशाला घालीन? हा माणूस माझ्या सोळा ओळींच्या कागदाकडे बघत उभ्या उभ्या नवी कविता रचत होता. पहिल्यांदा वाटलं, मुद्दाम करतोय, मला टोमणा मारतोय. मग मी त्याचे डोळे पाहिले. चष्मा दुसऱ्याचा होता आणि डोळे ओळींवरून फिरत नव्हते. एका जागी थांबले होते.

मग मला बावीस वर्षं आठवायला लागली. प्रत्येक फॉर्म घेऊन तो माझ्या टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच भर." मला कौतुक वाटायचं माझ्या अक्षराचं! कामावरच्या सूचना तो दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावायचा, "सगळ्यांना ऐकू जाऊ दे" म्हणून. किती जबाबदार माणूस, असं मी त्याच्या वार्षिक अहवालात लिहिलंय. तो अहवालही त्याने वाचला नसणार, हे आलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि शाळेमागच्या रस्त्यावर गेले, जिथे त्याचं काम चालू होतं. तो गुडघ्यांवर बसला होता, दोरी लावून, रबरी हातोडा घेऊन. मी शेजारच्या विटांच्या थप्पीवर बसले.

"थप्पी हलेल," तो म्हणाला.

"बेरेंड, कविता छान होती."

"हं."

"मी लिहिलेली ती नव्हती."

हातोडा थांबला. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "तू लिहिली होतीस होय? फुटकं नशीब."

"पाकिटं कुठायत बेरेंड?"

"कसली पाकिटं?"

"कंपनीची. पांढरी. दोन."

त्याने हातोडा खाली ठेवला. मग उठला. तो उठतो कसा, हे मी इतक्या जवळून पहिल्यांदा बघितलं. आधी एक हात जमिनीवर, मग दुसरा हात विटांवर, मग मधेच थांबून एक श्वास, मग बाकीचा माणूस. गाडीकडे गेला आणि आसनाखालून दोन पाकिटं काढून आणली. वाळू लागलेली, कोपरे मऊ पडलेले. एकही फोडलेलं नव्हतं.

"मला ठाऊक आहे आत काय आहे," तो म्हणाला. "गुडघ्यांचं कळलंय तुम्हाला. मी लपवत होतो, पण कोणीतरी बोललं असणार. काढून टाकताय. वसंतापर्यंत थांबला असतात तर हा रस्ता तरी पुरा झाला असता."

मंडळी, दोन महिने! हा माणूस दोन महिने आसनाखाली आपली सुटका ठेवून तिच्यावर बसून गाडी चालवत होता, आणि त्याला वाटत होतं की ती हकालपट्टी आहे. ट्रूसलाही सांगितलं नव्हतं. घरचे सगळे कागद ट्रूस वाचते, लग्न झाल्यापासून. पण हे पाकीट तिला दाखवलं तर तिची झोप उडेल, म्हणून एकटाच घाबरत होता. ट्रूस, तू मान हलवतेस ती रागाने, हे मला इथून दिसतंय. तुझा राग रास्त आहे, पण केक कापून होईपर्यंत धीर धर.

मी म्हटलं, "फोड पाकीट."

"तूच फोड. तूच वाच."

मी वाचायला लागले. "उपरोक्त तरतुदीच्या अनुषंगाने, लागू असलेल्या सामूहिक करारातील व्याख्येनुसार पात्र ठरणाऱ्या कर्मचाऱ्यांना, विहित मुदतीच्या अधीन राहून..."

"थांब," तो म्हणाला. "म्हणजे काय?"

मी सांगितलं. पुढचं वाक्य वाचलं.

"म्हणजे काय?"

सांगितलं. तिसरं वाक्य वाचलं. ते पाच ओळींचं होतं. त्याने विचारलं, "म्हणजे काय?" आणि मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा वाक्य वाचलं. मलाच कळेना.

"कोणी लिहिलंय हे?"

"मी."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणाला.

मग पत्र बाजूला ठेवून मी त्याला साध्या भाषेत सांगितलं, की बेरेंड, तुला तीन वर्षं आधी सुटता येतं. एप्रिलपासून. घरखर्चाला पुरेल इतकं दरमहा कंपनी देईल. कोणी काढत नाहीये तुला. तुझ्या गुडघ्यांसाठीच आहे हे.

तो पुन्हा खाली बसला. ह्या वेळी गुडघ्यांवर नाही, रस्त्यावर सरळ फतकल मारून, लहान पोरासारखा. आणि मग त्याने मला सांगितलं. त्याचे वडील मालवाहू बोटीचे तांडेल. बोट कधी इथे, कधी बेल्जियममध्ये, कधी जर्मनीत. इतर तांडेलांची मुलं वसतिगृहात जायची, पण ह्याची आई आजारी, म्हणून ह्याला बोटीवरच ठेवून घेतलं. एका शाळेत तीन आठवडे, दुसऱ्या शाळेत दहा दिवस. "प्रत्येक मास्तर पहिल्या पानापासून सुरू करायचा," तो म्हणाला. "पहिलं पान मला अजून पाठ आहे. दुसरं कधी आलंच नाही." आई गेली, बोट विकली, आणि पंधराव्या वर्षी त्याने हातोडा धरला.

डॉक्टर, तुमच्या खालच्या रेघेचं पहिलं टोक मला त्या दिवशी शाळेमागच्या रस्त्यावर सापडलं.

मी म्हटलं, "चल ऑफिसात, आत्ता सही कर." सही तो करतो, सुरेख करतो. पण त्याने मान हलवली. "एका अटीवर. तुझ्याकडे अजून पाच अर्ज यायचेत ना?"

"हो. तुला कसं ठाऊक?"

"सगळ्यांची पाकिटं कुठायत ते मला ठाऊक आहे. सोमवारी सकाळी पाठवतो एकेकाला. असंच वाचायचं. आधी पत्र नाही. आधी 'म्हणजे काय' ते."

सोमवारी सकाळी साडेसहाला मी ऑफिस उघडलं, तर दारात पाच जण उभे. पिवळी जाकिटं, हातात टोप्या आणि हातात पाकिटं. एकाचं जेवणाच्या डब्यात होतं, त्याला लोण्याचा वास येत होता. एकाने घडी करून बुटाच्या तळव्याखाली घातलं होतं, म्हणे बूट सैल होता. सगळे वाचू शकत नव्हते असं नाही. दोघे-तिघे चांगले वाचतात, वर्तमानपत्र वाचतात. पण त्यांनी फोडून पहिली ओळ वाचली आणि पुन्हा बंद केलं. "आपल्यासाठी नसेल, वकिलासाठी असेल असं वाटलं," एक जण म्हणाला.

एकेकाला आत घेतलं. म्हणजे काय, ते सांगितलं. एक जण तर सही करता करता हसायलाच लागला, थांबेना. बाहेर जाऊन पुढच्याला म्हणाला, "जा, दात काढत नाहीत. काढलेले परत देतात." त्या सकाळी मी बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण लावायचं विसरले. विसरले असंच नोंदवून घ्यावं.

पाचही जण झाल्यावर, माझ्या यादीत नसलेला सहावा आत आला, जान्नेस. जान्नेस बेरेंडच्या जोडीला तीस वर्षं आहे. एकाने दोरी धरायची, दुसऱ्याने वीट. त्याच्या हातात दोन पाकिटं होती, पण ती जुनी, पिवळट. तारीख बघितली. आधीच्या वर्षाची होती. जान्नेस बेरेंडपेक्षा दोन वर्षांनी मोठा. ही सोय सुरू झाली त्या पहिल्या वर्षी त्याची मुदत होती आणि ती संपून वर्ष झालं होतं. ह्या वर्षी त्याला नुसती माहिती म्हणून प्रत गेली होती, ती त्याने पाकिटासकट फेकली होती.

मी बावीस वर्षांत लोकांना बऱ्याच वाईट बातम्या दिल्या आहेत. पण त्या दिवशी 'म्हणजे काय' ते मी त्याच्या हातातल्या टोपीकडे बघत सांगितलं. जान्नेसने ऐकून घेतलं. टोपी डोक्यावर घातली. "बरं," म्हणाला. "मग उद्या कुठं जायचंय कामाला?"

त्या दुपारी मी ओल्डेनहोफ साहेबांकडे गेले आणि म्हटलं, माझं पत्र चुकलं. कंपनीचं नाही, माझं. साहेबांनी पत्र मागवलं, वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, "टिनेके, मी ह्यावर सही केलीय?" मी म्हटलं, "दोनदा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ह्याचा अर्थ काय आहे?" तेव्हा आपल्या कंपनीत शिकलेले आणि न शिकलेले ह्यांच्यात एका बाबतीत तरी समानता आहे, हे सिद्ध झालं.

अर्ज सगळे वेळेत गेले. बेरेंडचा तेरा तारखेला. त्यात केलेल्या कामांची यादी द्यायची होती. इतरांनी दोन ओळी लिहिल्या. बेरेंडने मला एकोणपन्नास वर्षांचे रस्ते तोंडपाठ सांगितले, वर्षवार, आणि कुठल्या रस्त्यावर कोणी कॉफी दिली आणि कोणी नाही तेही. मी सगळं लिहून घेतलं. कॉफीसकट.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड करायचा म्हणून टिनेके सांगेल की बेरेंड आता वाचायला शिकतोय. मीही तेच धरून चालले होते. वाचनालयातल्या वर्गाची माहिती काढून, उत्साहाने त्याच्यापुढे ठेवली. तो म्हणाला, "मला तीन वर्षं मिळालीत बाई. तू मला शाळेत बसवतेस?" त्याचं आणि ट्रूसचं ठरलंय. एक लहानशी बोट घेतली आहे, जुनी, गळकी. ती नीट करायची आणि उन्हाळ्यात आइसल नदीवरून वर जायचं, गुडघे साथ देताहेत तोवर. "वाटेतल्या पाणफाटकांवरच्या पाट्या?" मी विचारलं. "ट्रूस वाचते," म्हणाला. मग म्हणाला, "एखादी मीही वाचीन. घाई नाही." माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला वाटतं, प्रत्येकाने सुधारावं, तेही लगेच, आणि शक्यतो मंगळवारी संध्याकाळी. पण ही वर्षं त्याची आहेत. त्याने ती कशी खर्चावीत, हे मी सांगणं म्हणजे पुन्हा एक पांढरं पाकीट दिल्यासारखंच.

आता साहेब, भेटीचा विषय. निवृत्त होणाऱ्याला कंपनी भेट देते. साहेबांच्या सांगण्यावरून मी बेरेंडला विचारलं, काय हवं? घड्याळ? नवी सायकल? बोटीसाठी काही? तो म्हणाला, "जान्नेस."

"जान्नेस काय?"

"त्याची दोरी दुसऱ्या टोकाला कोण धरणार आता? त्याला सोडा. घड्याळ नको."

हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी एक आठवडा काही उत्तर दिलं नाही. सीबे, तुम्ही दोनदा फोन केलात, तेही मला ठाऊक आहे. आणि आज सकाळी साहेबांनी मला बोलावून म्हटलं, "पत्र लिही. मला कळेल असं लिही." लिहिलं. त्यांनी सही केली. ते पत्र आज माझ्याजवळ आहे आणि पाकिटात घातलेलं नाही. जान्नेस, तू तिसऱ्या रांगेत आहेस. उठू नकोस, उठायला तुला वेळ लागतो आणि मंडळींना केक हवाय. बसूनच ऐक.

"प्रिय जान्नेस, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी तुझं काम संपेल. हे तुला काढून टाकणं नाही. तुझी मुदत गेली त्यात आमची चूक होती. राहिलेलं एक वर्ष कंपनी तुला इतरांइतकंच दरमहा देईल. एक मे रोजी कामावर येऊ नकोस, आलास तर परत पाठवू."

बस्. एवढंच आहे. म्हणजे काय, हे विचारायचं असेल तर विचार.

नाही? बरं. बेरेंड, त्याला तुझा रुमाल दे. नको, तुझा तुला लागतोय, ट्रूसचा दे.

मंडळी, डॉ. फिसर ह्यांच्या त्या दोन रेघा आमच्या एका पत्राने जवळ येत नाहीत, हे मला समजतं. त्या पडद्यावर अजून तशाच आहेत, आणि निवृत्तीचं वय पुढे सरकतंच आहे. ते काम डॉक्टरांचं, सीबेंचं आणि तिकडे सरकारात बसलेल्यांचं. ते त्यांनी करावं, आणि करताना एकदा तरी बेरेंडला विचारावं, पाणी कुठे साचेल म्हणून.

बेरेंड, ट्रूस, तुमच्या बोटीला भरपूर पाणी मिळो आणि आत मात्र थेंबभरही न येवो. अध्यक्ष महाराजांची मी ऋणी आहे, की त्यांनी मला बोलू दिलं आणि मधेच घड्याळाकडे बघितलं नाही. डॉक्टर आणि सीबे ह्यांचे आभार. स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार, केक त्यांनी स्वतः केलाय. हॉलमध्ये खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार, ह्या वेळी पुरेशा मांडल्या आहेत आणि बहुतेक जण बसलेही आहात. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं गुपित जरा जास्तच उघडं पडलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि मी लिहिलेल्या एखाद्या पत्राचा अर्थ अजून कोणाला लागला नसेल, तर उद्या सकाळी साडेसहाला माझं दार उघडं आहे. लाजू नका. मलाही तो लागेलच असं नाही, पण दोघं मिळून लावू.

धन्यवाद.